जोतं घालण्याआधी

पत्र : सर, मी फोंड्याची. केमिकल इंजिनियरिंग करून दोन वर्षं वेर्ण्याला नोकरी केली आणि आता बाबा-काकांच्या धंद्यात आले आहे. आमचा थिनर आणि रंगाचा छोटा कारखाना आहे, पठारावरच्या औद्योगिक वसाहतीत. शेजारचा प्लॉट मिळालाय आणि तिथं मोठी शेड घालायची आहे. नकाशा कंत्राटदाराने काढला. मधोमध मिक्सिंग, मागच्या बाजूला त्याच शेडमध्ये ८० बॅरलचं गोदाम, पुढे ऑफिस, आणि मिक्सिंगच्या वर माळा करून कामगारांची जेवणाची खोली. आगीचं काय, असं मी विचारलं तर काका म्हणाले, ‘तीस वर्षांत काही झालं नाही. शेड उभी राहू दे, मग एनओसीसाठी आग विझवायचे सिलिंडर आणि हायड्रंट बसवूच.’ बाबा काहीच बोलत नाहीत. चतुर्थी झाली की जोत्याचं काम सुरू होणार. घरात मी सगळ्यांत धाकटी. सुरुवात कुठून करू? आणि आगीसाठी म्हणून वेगळे किती पैसे मागू?
— एक मुलगी, फोंडा

बाय,

तू लिहिलंस त्यावरून तुमची शेड मी वहीत काढून बघितली. पेन थांबलं ते माळ्यावर. खाली टोल्युइन, थिनरमधलं ते झटकन पेटणारं सॉल्व्हंट, ढवळलं जातंय आणि वर दहा-बारा माणसं डबे उघडून बसलीत, खाली यायला एकच जिना, आणि तोही मिक्सिंगमध्येच उतरतो. बाकी कशावरही वाद घालण्याआधी हा माळा नकाशातून काढून टाकायला लाव. जेवणाची खोली गेटच्या बाजूला, शेडपासून सुटी, एकमजली. यात तडजोड नाही. काका रागावले तर रागावू देत.

पैशांचं विचारलंस. आजच्या घडीला पैसे मागू नकोस, नकाशा हातात घे. आज जी भिंत खोडरबराने सरकते ती पुढच्या वर्षी ब्रेकर लावून फोडावी लागेल, आणि तेव्हा कोणी फोडणार नाही. मग तिच्या दोन्ही बाजूंना सिलिंडर टांगले जातील आणि सगळ्यांना वाटेल, झालं काम. माझी जवळजवळ सगळी नोकरी अशा टांगलेल्या सिलिंडरांमध्ये गेली. आगीपासूनचा खरा बचाव गोदाम कुठे, दार कुठे, किती माल कुठे ठेवायचा, वारा कुठून येतो, पाणी कुठे जातं, यात असतो. हे सगळं जोत्याआधी ठरतं.

तू केमिकलची आहेस, तरी ज्याच्याशी रोज व्यवहार आहे ते टोल्युइन गोव्याच्या हवेत कसं वागतं ते एकदा बघू. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ जमते ते, ४ अंश सेल्सियस. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा पारा त्याच्या आसपास येत नाही. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, उघड्या टोल्युइनवर पेट घेईल अशी वाफ तयारच असते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.१ ते ७.१ टक्क्यांच्या मध्ये असलं की ती पेटते. आता बंद बॅरलच्या वरच्या मोकळ्या जागेचा हिशेब कर. ३० अंशांना तिथं साचलेली वाफ पाच टक्क्यांच्या जवळ जाते, बरोबर पेटायच्या पट्ट्यात. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आत सहसा पेटत नाही. टोल्युइनला ती सवलत नाही, आणि आपलं हवामान त्याला नेमकं मानवतं. मिनरल टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट चाळिशीच्या आसपास, म्हणून लोक त्याला निर्धास्तपणे हाताळतात. पण एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी दोन वाजता थर्मामीटर धरून बघ. निर्धास्त राहावं इतकं अंतर उरत नाही.

दुसरं म्हणजे ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी फरशीवरून सरपटते, उतार बघते, गटारात शिरते, केबलच्या खंदकातून पलीकडच्या खोलीत निघते. तुमच्या जुन्या शेडमध्ये एक्झॉस्ट फॅन कुठे आहे? पैजेवर सांगतो, छताजवळ, कारण सगळीकडे तो तिथंच असतो. गरम हवा तो काढतो, माणसांना बरं वाटतं, आणि वाफ खाली पायांजवळ तशीच राहते. नव्या शेडमध्ये हवा ओढायची ती फरशीपासून वीतभर उंचीवरून, आणि समोरच्या भिंतीत खालीच जाळीच्या खिडक्या ठेवायच्या, म्हणजे वारा जमीन झाडत जाईल. गॅस डिटेक्टर लावाल तोही खालीच. मिक्सिंगच्या फरशीत उघडं गटार किंवा केबलचा खंदक नको. वॉचमनची चहाची शेगडी, मोबाइल चार्ज करायचा सॉकेट, कॉम्प्रेसर, हे सगळं उताराच्या वरच्या अंगाला आणि भिंतीपलीकडे.

आता त्या ८० बॅरलवर येतो. २०० लिटरचं एक, म्हणजे १६,००० लिटर. एवढं का? पत्रात नाही, पण उत्तर मला ठाऊक आहे. एकदम माल उचलला की भावात सूट मिळते. काकांना कागदावर मांडून विचार की ती सूट वर्षाला किती होते, आणि तेवढ्यासाठी आपण किती आग विकत घेतोय. १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनच्या सहा रिअॅक्टरांपैकी एक दुरुस्तीसाठी काढून त्याच्या जागी घाईने तात्पुरता पाइप जोडला होता. तो फुटला, वाफेचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून ऑफिसं रिकामी होती, एरवी आकडा कुठे गेला असता कोण जाणे. त्या स्फोटानंतर ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश तज्ज्ञाने एक विचार आयुष्यभर लावून धरला की धोक्याचा माल सांभाळायच्या युक्त्या नंतर शोधा, आधी तो एवढा लागतोच का ते विचारा. जो माल जागेवर नाही तो गळूही शकत नाही. तुझ्या शेडसाठी त्याचा अर्थ साधा आहे. मिक्सिंगमध्ये त्या दिवशी लागेल तेवढंच सॉल्व्हंट, संध्याकाळी उरलेलं परत गोदामात. गोदामात पंधरा दिवसांचा माल, महिन्याचा नको. आणि ज्या गिऱ्हाइकांना टोल्युइनऐवजी कमी ज्वलनशील सॉल्व्हंटचं थिनर चालेल त्यांची यादी कर. ती तुला वाटते त्यापेक्षा लांब निघेल.

गोदाम त्याच शेडमध्ये नकोच. प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात सुटी इमारत, मध्ये मोकळी जागा, त्या जागेत पॅलेट, भंगार, स्कूटर काही नाही. प्लॉट लहान आहे, तेवढं अंतर बसत नाही, असं कंत्राटदार सांगेल. मग गोदाम आणि मिक्सिंग यांच्यामध्ये पूर्ण उंचीची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली जाड विटांची भिंत, पत्र्याच्याही वर हातभर काढलेली, आणि तिच्यात एकही दार-खिडकी नाही. बॅरल बाहेरून फिरवून आणावं लागेल. कामगार कुरकुरतील, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी ‘सोयीसाठी’ तिथं एक छोटं दार फोडायचं सुचवेल. त्या दिवशी तू तिथं असायला हवीस.

छताचंही बघ. गोदामाच्या डोक्यावर स्लॅब घालू नका. आत वाफ भडकली तर दाबाला कुठूनतरी निघावंच लागतं. हलकं छत उडून गेलं तर भिंती आणि शेजार वाचतो, स्लॅब असेल तर भिंतीच बाहेर फेकल्या जातात. आणि शेड लोखंडी खांबांची असणार, हल्ली सगळ्यांच्या तशाच. लोखंड जळत नाही म्हणून लोक निश्चिंत असतात. पण ५५० अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि सॉल्व्हंटच्या आगीत उघडा खांब तेवढा तापायला काही मिनिटं पुरतात. मग बंब दारात येईपर्यंत छत खाली बसलेलं असतं. सॉल्व्हंटजवळच्या खांबांना काँक्रीटचं किंवा विटांचं वेष्टन आत्ताच नकाशात लिहून घे.

वायरिंग सुरू होण्याआधी ठिणगीची वाट कुठून कुठून आहे ते बघायचं. आयएस ५५७२ या भारतीय मानकाप्रमाणे शेडचे भाग पाडायचे, कुठे वाफ नेहमी असते, कुठे कधीकधी, कुठे फक्त गळती झाली तर, आणि त्याप्रमाणे फिटिंग. फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू न देणारे, मोटर आणि दिवे महाग असतात, बाबा ते आणतीलही. पण तू जाऊन केबल आत शिरते त्या ग्लँडवर हात फिरव. पंधरा हजारांचा फ्लेमप्रूफ बॉक्स आणि त्याचं एक न वापरलेलं भोक चिंधी कोंबून बंद केलेलं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता दिवा न बघता आधी भोक बघतो. त्या भोकासकट तो बॉक्स साध्या बॉक्सइतकाच आहे.

स्टॅटिकबद्दल मात्र सावकाश लिहितो, कारण थिनरच्या कारखान्यात घात इथं होतो. टोल्युइन वीज वाहू देत नाही. पाइपातून, नळातून, फनेलमधून जाताना त्याच्यात स्थिर वीज तयार होते आणि तिला निघायला वाट मिळत नाही. कामगार प्लास्टिकच्या बादलीत बॅरलमधून ओततो, उंचावरून धार पडते, बादलीवर फनेल टेकलेलं असतं. एक टिचकीएवढी ठिणगी, आणि वाफ तर पेटायच्या पट्ट्यात आहेच. म्हणून ओतायची भांडी धातूचीच. देणारं आणि घेणारं भांडं आधी तारेने एकमेकांना जोडायचं, मग अर्थला. क्लॅम्प रंगावर बसवला तर तो नुसता दागिना. त्याचे दात रंग फोडून पत्र्यात रुतले पाहिजेत. नखाने खरवडून बघ, खालचं लोखंड चमकलं पाहिजे. टाकीत भरायचा पाइप तळापर्यंत न्यायचा, वरून धार सोडायची नाही, आणि पाइपाचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. ‘गोव्यात हवा दमट, इथं कसलं स्टॅटिक’ असं तुला हमखास ऐकायला मिळेल. दमट हवेने कपड्यांवरची, कातड्यावरची वीज उतरते. द्रवाच्या पोटात साचलेल्या विजेला बाहेरची हवा दमट की कोरडी याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आणि रिकामी बॅरल. एक प्रसंग सांगतो. मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. चतुर्थीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी एका कारखान्यात वेल्डरला कोणीतरी म्हणालं, एक जुनं बॅरल कापून दे, घरी पाणी साठवायला होईल. बॅरल महिनाभर उन्हात उलटं पडलेलं, बूच उघडं, वास नावालाही नाही. त्याने गॅस कटर लावला. तळाचं झाकण उडून समोरच्या भिंतीत गेलं. तो वाचला, कारण तो बाजूला वाकलेला होता. त्याच्या उजव्या कानाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. नंतर मी हिशेब केला. २०० लिटरच्या बॅरलमध्ये पेटण्याजोगी वाफ व्हायला टोल्युइन किती लागतं? दहा मिलिलिटर. चहाचे दोन चमचे. बॅरलच्या कडेच्या दुमडीत तेवढं सहज राहतं, आणि कटरची उष्णता ते बाहेर काढते. म्हणून नकाशात रिकाम्या बॅरलनाही भरलेल्यांसारखीच जागा दे, वेगळी, कुंपणातली, कुलूप असलेली. वेल्डिंगचं काम परवान्याच्या कागदाशिवाय नाही, आणि त्या कागदावर जो सही करेल त्याने जागेवर जाऊन, वाफ मोजायचं मीटर लावून सही करायची. सणाच्या आदल्या दिवशी तर वेल्डिंग नकोच. सगळ्यांचं लक्ष घराकडे असतं.

पाण्याचं दोन्ही अंगांनी बघावं लागतं, येणारं आणि जाणारं.

येणारं आधी. पंप हाउस गोदामाला चिकटून काढलंय का? असेल तर ते लांब ने, गेटच्या बाजूला. पंपाची वीज कुठून घेतली आहे ते इलेक्ट्रिशियनला बोट ठेवून दाखवायला सांग. आग लागली की पहिला शहाणा माणूस धावत जाऊन मेन स्विच पाडतो, आणि ते बरोबरच आहे. पण पंप त्याच मेनच्या पुढे जोडलेला असेल तर पाणीही तिथंच थांबलं. एका कारखान्यात ड्रिलच्या दिवशी हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. होज ताणून सहा माणसं उभी आणि नोझलमधून हवाही नाही. त्या नकाशावर माझी सही होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ड्रिलऐवजी खरी आग असती तर मी त्या सहा जणांच्या घरच्यांना काय सांगितलं असतं? पंपाची लाइन मेनच्या आधी घ्यायची, आणि सोबत डिझेल पंप, लाइनमधला दाब उतरला की आपोआप सुरू होणारा. ‘आपोआप’वर जोर देतो. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर डिझेल पंप होते, पण पाणबुडे पाण्यात असतात म्हणून ते हाताने सुरू करायच्या स्थितीत ठेवलेले. स्फोटानंतर तिथपर्यंत कोणी पोचू शकलं नाही. १६७ माणसं गेली. भोपाळला १९८४ मध्ये एमआयसीची, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाची टाकी थंड ठेवायची यंत्रणा होती, ती बंद करून ठेवली होती. वायू जाळायची फ्लेअर होती, तिचा पाइप दुरुस्तीसाठी सोडलेला होता. बसवलेलं यंत्र आणि चालणारं यंत्र यांच्यातल्या फटीत माणसं मरतात. महिन्यातून एकदा पंप चालवायचा दिवस ठरव आणि त्या दिवशी तू स्वतः नोझल धर.

थिनरमध्ये अॅसिटोन, एस्टर असतात. त्यांच्यावर साधा फोम मारला तर ते त्यातलं पाणी ओढून घेतात आणि फेस बसून जातो. तुम्हाला अल्कोहोलला टिकणारा फोम लागेल. ऑर्डर देताना तो शब्द कागदावर असू दे, नाहीतर स्वस्तातला येईल. नुसतं पाणी सॉल्व्हंटच्या आगीवर मारायचं नाही, टोल्युइन त्याच्यावर तरंगत पेटलेलंच पुढे जातं. पाणी आहे ते शेजारची टाकी, खांब, भिंती थंड ठेवायला.

आता जाणारं पाणी. याकडे आपल्याकडे कोणाचंच लक्ष नसतं आणि मला हे सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण माझं गावही पठाराच्या पायथ्याशी आहे. एका होजमधून मिनिटाला काही शे लिटर पाणी पडतं. दोन तास आग झुंजली तर ते सगळं पाणी, फोम, रंग आणि सॉल्व्हंट घेऊन कुठे जाणार? तुमची वसाहत पठारावर. खाली जांभा, भोकाभोकाचा, पाणी पिऊन घेणारा दगड. त्याच्या पोटातून झरी निघतात, त्यांच्यावर कुळागरं उभी आहेत, माड-पोफळी आणि विहिरी. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली. विझवायच्या पाण्याबरोबर टनांवारी कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली, पाणी लाल झालं आणि मैलोन् मैल मासे मेले. आग विझली होती, नुकसान तेव्हा सुरू झालं. तुझ्या गोदामाची फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल घे, दाराला उंच उंबरा आणि रॅम्प दे, म्हणजे सांडलेलं आतच राहील. मोठी टाकी असेल तर तिच्याभोवती डाइक, म्हणजे सांडलेलं अडवणारी बांधाची भिंत, सगळ्यांत मोठ्या टाकीच्या पूर्ण मालापेक्षा निदान दहा टक्के जास्त मावेल इतका. आणि प्लॉटच्या सखल कोपऱ्यात एक पक्का हौद, आगीचं पाणी अडवायला.

डाइकचा व्हॉल्व्ह हा खास आपल्याकडचा रोग. जूनपासून पाऊस कोसळतो, डाइक पाण्याने भरतो, रोज उघडा-बंद कोण करणार म्हणून व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. ऑक्टोबरात तो बंद करायची आठवण कोणाला होत नाही. एका ठिकाणी मी मार्चमध्ये गेलो तर त्या व्हॉल्व्हच्या चाकातून घाणेरीची फांदी वर आली होती, फुलांसकट. चाक गंजून जागच्या जागी बसलेलं, पूर्ण उघडं. आत वीस हजार लिटरची टाकी आणि बाहेर रस्त्याचं गटार. तुमच्या डाइकवर आणि बॅरलच्या जागेवर पत्रा घाला, पाणी आत पडूच देऊ नका. व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेर, उघडा आहे की बंद हे दुरून दिसेल असा, आणि कुलपात. त्याची किल्ली एकाच माणसाकडे.

दारं दोन तरी, एकमेकांपासून लांब, बाहेर उघडणारी. धोक्याच्या इमारतीत कुठल्याही कोपऱ्यातून दारापर्यंतची वाट २२.५ मीटरच्या वर नको, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. मोजताना चालायच्या वाटेने मोज, हवेतून नको. बाहेर जमायची जागाही एक पुरत नाही. आपल्याकडे दुपारी वारा समुद्राकडून येतो, पहाटे घाटाकडून. दोन जागा, दोन विरुद्ध बाजूंना, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी छतावर.

काकांचं ‘मग एनओसी काढू’ हे मुळात चालणारही नाही. टोल्युइन हे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेलं, म्हणजे अ वर्गातलं पेट्रोलियम. एवढ्या साठ्याला पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो आणि तिथं नकाशा बांधकामाआधी मंजूर करून घ्यायचा असतो. आधी बांधून मग गेलात तर तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार. पणजीत आल्तिनोला कारखाने आणि बाष्पक निरीक्षणालय, सांतीनेजला अग्निशमन संचालनालय, दोन्हीकडे कच्चा नकाशा घेऊन आत्ताच जा. सहीसाठी जाऊ नकोस, विचारायला जा. विचारायला आलेल्या माणसाला अनुभवी अधिकारी बरंच काही सांगतो. जमलं तर जवळच्या केंद्रावरच्या जवानांना प्लॉटवर बोलव आणि बंब कुठून आत येईल, कुठे उभा राहील, वळेल का, हे त्यांच्याच तोंडून ऐक. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या वसाहतीत रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा तो काळा धूर किती दुरून दिसत होता हे घरात कोणी विसरलेलं नसेल. ती आठवण काकांपुढे काढ, पण वादात जिंकण्यासाठी नको. त्या दिवशी तिथल्या कामगारांच्या जागी आपले कामगार असते तर ते कुठल्या दाराने बाहेर आले असते, एवढंच विचार.

घरातलं आता. काकांनी तीस वर्षं हात पोळून घेत धंदा उभा केलाय. ‘तुम्हाला कळत नाही’ हा सूर लागला तर दार बंद होईल. त्यांना असं विचार : ‘काका, या तीस वर्षांत थोडक्यात वाचलो असं कधी झालं?’ आणि गप्प बस. बॅरल फुगलेलं, कोणाच्या हाताला झटका बसलेला, मोटरमधून धूर आलेला, एखाद्या रात्री वासाने वॉचमन उठलेला. असं प्रत्येक कारखान्यात झालेलं असतं. ते आठवायला लागले की वहीत लिहून घे. मग एका रविवारी नव्या प्लॉटवर चुन्याने नकाशा आखा. काका, बाबा, तुमचा सगळ्यांत जुना कामगार आणि इलेक्ट्रिशियन, पाच माणसं. एक रिकामं बॅरल घ्या, धुतलेलं, आणि ट्रक थांबतो तिथून निघा. उतरवलं, गोदामात नेलं, उघडलं, ओतलं, ढवळलं, भरलं, रिकामं परत ठेवलं. प्रत्येक ठिकाणी थांबून एकच विचारायचं : इथं गळलं तर? वीज गेली तर? नवा मुलगा असला तर? मोठ्या कारखान्यांत याला भारदस्त नावं आहेत, चर्चा दिवसेंदिवस चालतात. तुम्हाला एक सकाळ पुरेल. जुना कामगार पहिल्या अर्ध्या तासात बोलणार नाही. त्याला चहा दे आणि वाट बघ, कारण नकाशातली सगळ्यांत मोठी चूक बहुतेक तोच दाखवील. जेवणाच्या खोलीबद्दलही त्यालाच विचार, तिथं जेवणारा तो आहे.

बाबांच्या गप्प राहण्याचा राग धरू नकोस. मला वाटतं तुझ्या प्रश्नाने त्यांच्या पोटात कालवलंय आणि भावाशी वाद नको म्हणून ते थांबलेत. त्यांना एकट्याला गाठ. फक्त तीन गोष्टी माग : माळा रद्द, गोदाम सुटं किंवा अखंड भिंतीआड, आणि जोतं पेसोच्या मंजुरीनंतर. यातल्या पहिल्याला खर्च नाही, दुसऱ्याला थोडा आहे, तिसऱ्याला फक्त वेळ लागेल. पंप, फोम, डिटेक्टर यांचे पैसे नंतर बोलता येतील, आणि या तीन गोष्टी झाल्या तर ते कमीच लागतील. वाचवायचे असतील तर ऑफिसच्या काचा आणि फॉल्स सीलिंगमध्ये वाचवा.

धाकटी असल्याचं लिहिलंस. त्या शेडमध्ये पुढची तीस वर्षं तूच उभी राहणार आहेस, तेव्हा तिच्या नकाशावर पहिला हक्क तुझा.

चुन्याने आखाल त्या दिवशी मेजरिंग टेप बरोबर ने. गोदामाच्या दारापासून शेजारच्या प्लॉटच्या कुंपणापर्यंत किती मीटर, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याने काय साठवलंय, एवढं मोजून, बघून मला लिही. पुढच्या पत्रात तिथून सुरुवात करू.